डोळे डावी-उजवीकडे फिरवल्याने मेंदूचे भाग एकमेकांशी जास्त बोलू लागतात का?

सांजवेळ

नमस्कार. एकाग्रता वाढवण्याच्या एका ऑनलाइन वर्गात मी गेल्या महिन्यात नाव नोंदवले. पहिल्याच दिवशी शिक्षकांनी आम्हाला मान स्थिर ठेवायला सांगितली आणि हातभर अंतरावर आडव्या फिरणाऱ्या पेनाच्या टोकामागे तीस सेकंद डोळे फिरवायला लावले. त्यानंतर त्यांनी जाहीर केले, "आता तुमचा डावा मेंदू उजव्या मेंदूशी बोलू लागला आहे." मग इतकी वर्षे त्या दोघांमध्ये अबोला होता का, असे एका सहाध्यायींनी विचारले, तेव्हा त्यांचा माइक बंद करण्यात आला.

माझा प्रश्न मात्र टवाळीचा नाही. काही आठवायचे असले की माझी नजर आपोआप छताकडे जाते. समोरच्याच्या डोळ्यांत डोळे रोखून बोलायचे म्हटले, की अवघड वाक्य मध्येच तुटते. तेव्हा नजर आणि विचार यांचे काहीतरी नाते असावे, असे मला वाटत आले आहे. मेंदू आज्ञा देतो आणि डोळा हलतो, इतके मला माहीत आहे. पण हललेला डोळा उलट मेंदूच्या भागांमधल्या देवाणघेवाणीवर परिणाम करतो का? करत असल्यास तो कसा आणि किती वेळ टिकतो? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

भिंगरी

बाकीचे ठाऊक नाही, पण माइक बंद केल्याने दोन मेंदूंमधला संवाद तुटतो हे तुमच्या शिक्षकांनी प्रयोगानिशी सिद्ध केले आहे.

अपूर्णांक

प्रश्न उत्तम आहे आणि त्याचे उत्तर वर्गात सांगितले गेले त्यापेक्षा कितीतरी रंजक आहे. काही वर्षे मी दृष्टीविषयक प्रयोगशाळेत काम केले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

हात लांब करून अंगठा उभा धरा. अंगठ्याच्या नखाएवढी जागा, म्हणजे साधारण दोन अंश, एवढाच दृश्याचा तुकडा आपल्याला कोणत्याही क्षणी अगदी स्पष्ट दिसत असतो. त्याच्या बाहेरचे सगळे अंधुक असते. ते अंधुक आहे हे जाणवत नाही, कारण नजर सेकंदाला साधारण तीन वेळा उडी मारून नव्या जागी जाते. या उडीला सॅकाड म्हणतात. वाचताना एक उडी सुमारे ३० मिलिसेकंदांत संपते; मोठ्या उड्यांमध्ये डोळ्याचा वेग सेकंदाला ५०० अंशांच्याही पुढे जातो. दोन उड्यांच्या मध्ये डोळा सेकंदाचा पाव भाग थांबतो आणि पाहण्याचे बहुतेक काम त्या थांब्यात होते.

म्हणजे दृष्टिपटलावरचे चित्र दिवसभर सेकंदाला तीनदा जोराने ओढले जात असते. कॅमेरा असा झटकला तर चित्रफीत पाहवणार नाही. आपल्याला मात्र जग स्थिर दिसते. हे साधायचे तर डोळा हलवणाऱ्या भागाने बाकीच्या भागांना आधीच कळवायला हवे, की "आता हालचाल होणार आहे, बाहेर भूकंप झालेला नाही." तुमच्या प्रश्नाची सुरुवात मला इथे दिसते.

घरी करण्याजोगा एक प्रयोग सांगतो. आरशासमोर उभे राहा आणि आधी स्वतःच्या डाव्या, मग उजव्या डोळ्याकडे पाहा. डोळे हललेले तुम्हाला कधीही दिसणार नाहीत, पण शेजारी उभ्या असलेल्या माणसाला ते स्वच्छ दिसतील. आरशातल्या या निरीक्षणाची नोंद एर्डमन आणि डॉज यांनी १८९८ मध्ये केली होती.

काजळ

अपूर्णांक, आत्ताच करून पाहिले. आरशात काहीच हलले नाही. माझे डोळे आधी इकडे होते आणि मग तिकडे, मधला प्रवास जणू कुणी कापून टाकला होता. गंमत म्हणून मग मोबाइलचा पुढचा कॅमेरा लावून तेच केले, तर पडद्यावर डोळे चक्क हलताना दिसले! असे का व्हावे? मोबाइल माझ्या मेंदूपेक्षा प्रामाणिक आहे का?

अपूर्णांक

मोबाइल प्रामाणिक नाही, तो मंद आहे. कॅमेऱ्याचे चित्र पडद्यावर येईपर्यंत थोडा उशीर होतो. तोवर तुमची उडी संपून डोळा स्थिरावलेला असतो आणि तो स्थिर डोळा मघाच्या उडीचे चित्रण आरामात पाहतो. आरसा उशीर करत नाही, म्हणून त्यात चोरी पकडली जात नाही.

तिरकस

आकडे आले की माझा हात कागदाकडे जातो. सेकंदाला तीन उड्या आणि सोळा तासांची जाग धरली, तर दिवसाला १,७२,८०० उड्या होतात. प्रत्येक उडी सरासरी ४० मिलिसेकंदांची मानली, तर एकूण सुमारे १ तास ५५ मिनिटे झाली. म्हणजे आपण रोज जवळपास दोन तास डोळे उघडे ठेवून आंधळे असतो, हे मान्य करावे लागेल.

पण मूळ प्रश्न दृष्टी मंदावण्याचा नव्हता, मेंदूच्या भागांमधल्या संवादाचा होता. उडीच्या वेळी चित्र पुसट होते आणि उडी संपताच नवे चित्र येते, म्हणून काही दिसत नाही, एवढ्यावरच सगळे सुटत असेल तर "आधीच कळवले जाते" या कल्पनेची गरजच काय?

अपूर्णांक

तिरकस, हिशेब बरोबर आहे. 'आंधळे' हा शब्द मात्र जरा जास्त झाला. १९९४ मध्ये बर, मोरोन आणि रॉस यांनी दाखवले, की उडीच्या वेळी दृष्टीचा मुख्यतः एकच मार्ग दाबला जातो. हा मार्ग ढोबळ आकार आणि हालचाल टिपतो. रंगाची आणि बारीक तपशिलाची जाण तितकी दाबली जात नाही. शिवाय ही मंदी डोळा हलण्यापूर्वीच सुरू होते. नुसते चित्र पुसट झाल्याचा हा परिणाम असता, तर तो हालचालीच्या आधी आला नसता.

आता निरोपाचे पाहू. पापणी मिटून नव्हे, तर उघड्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याशी, पापणीवरूनच, बोटाने अगदी हलके दाबा. डोळ्याचा आजार किंवा शस्त्रक्रिया झालेल्यांनी हे मुळीच करू नये. समोरचे जग हललेले दिसेल. तोच डोळा स्वतःच्या इच्छेने त्याहून कितीतरी जास्त फिरवला, तरी जग जागचे हलत नाही. हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकातच यावरून ताडले होते, की मेंदू स्वतःच्या आज्ञेची दखल घेऊन चित्रातली हालचाल वजा करतो. बोटाने ढकलताना आज्ञा नसते, म्हणून वजाबाकीही होत नाही. १९५० मध्ये फॉन होल्स्ट आणि मिटेलश्टेट यांनी, तसेच स्वतंत्रपणे रॉजर स्पेरी यांनी, ही कल्पना नीट मांडली. पहिल्या दोघांनी एका माशीचे डोके १८० अंशांत फिरवून चिकटवले होते. माशी वळू लागली की चित्र अपेक्षेच्या उलट सरके, ते सावरण्यासाठी ती आणखी वळे, आणि बिचारी गोलगोल फिरत राही.

ही आज्ञेची प्रत मेंदूत कोणत्या वाटेने जाते, हे माकडांमध्ये सॉमर आणि वुर्ट्झ यांनी २००२ मध्ये दाखवले. डोळ्यांच्या उड्यांची आखणी करणारे सुपीरियर कॉलिक्युलस नावाचे केंद्र मेंदूच्या मधल्या भागात आहे. तिथून आज्ञा खाली मस्तिष्कस्तंभाकडे जाते आणि तिची एक प्रत वर, थॅलॅमस या मेंदूच्या खोलातल्या ठाण्यामार्गे, नजर कुठे न्यायची हे ठरवण्यात भाग घेणाऱ्या कपाळामागच्या नेत्रक्षेत्राकडे जाते. प्रयोगात माकडाला अंधारात दोन ठिपके क्षणभर दाखवले आणि ते विझल्यावर आधी पहिल्या, मग दुसऱ्या जागी नजर न्यायला लावली. दुसरी उडी अचूक मारायची तर पहिल्या उडीत आपण कुठे पोचलो हे ठाऊक असावे लागते आणि अंधारात ते सांगायला चित्र नसते. थॅलॅमसमधला तो टप्पा औषधाने तात्पुरता बधिर केला, तेव्हा पहिली उडी बिनचूक राहिली. दुसरी मात्र चुकू लागली, जणू पहिल्या उडीची खबर वर पुरती पोचलीच नव्हती. मेंदूच्या दोन भागांमधला संवाद डोळ्याच्या हालचालीशी कसा बांधलेला आहे, याचा याहून स्वच्छ पुरावा मला तरी माहीत नाही.

दुहेरी

मी या धाग्यावर केवळ वाचक राहणार होतो, पण वरचा प्रतिसाद वाचून लिहिल्याशिवाय राहवेना. मधुमेहामुळे काही वर्षांपूर्वी माझ्या डाव्या डोळ्याची, मेंदूतून निघणाऱ्या नसांपैकी सहावी, नस निकामी झाली होती. डोळा बाहेरच्या बाजूला ओढणारा स्नायू या नसेवर चालतो. त्यामुळे डावा डोळा डावीकडे वळेना आणि तिकडच्या सगळ्या वस्तू दोन-दोन दिसत. माझे येथील नाव त्यावरूनच घेतले आहे.

तपासणीत डॉक्टरांनी माझा चांगला, म्हणजे उजवा, डोळा झाकला आणि आजारी डोळ्याने डावीकडे पाहायला सांगितले. मी पूर्ण जोर लावला. डोळा तसूभरही सरकला नाही, हे त्यांना दिसत होते. मला मात्र समोरची भिंत, तिच्यावरचा अक्षरांचा तक्ता आणि दाराची चौकट हे सगळे एकदम डावीकडे सरकल्यासारखे वाटले. मग त्यांनी एक पेन डावीकडे धरून त्याला पटकन बोट लावायला सांगितले. माझे बोट पेनाच्या पलीकडे, हवेत गेले. मी पुन्हा प्रयत्न केला, तरी तेच. बोटाला काही झालेले नव्हते. डोळा डावीकडे गेला आहे अशी खबर बोटापर्यंत पोचली होती आणि डोळा तर जागीच होता.

त्या दिवशी मी फार घाबरलो होतो. आपण सांगितलेली वजाबाकी त्या वेळी कुणी समजावली असती, तर भीती निम्मी झाली असती. सुदैवाने साखर ताब्यात आल्यावर तीन-साडेतीन महिन्यांत नस हळूहळू पूर्ववत झाली.

अपूर्णांक

दुहेरीजी, आपण लिहिलेत हे फार बरे झाले. मी चार परिच्छेद खर्च केले ते आपल्या बोटाने एका फटक्यात सांगितले. आज्ञा गेली, प्रत वाटली गेली आणि मूळ काम झालेच नाही, असा हा प्रकार आहे.

अनिमिष

आमच्या कार्यालयात रोज हेच होते.

लहरी

मी ईईजीच्या, म्हणजे डोक्यावर विद्युतअग्रे लावून मेंदूच्या लहरी मोजण्याच्या कामात आहे. अपूर्णांक यांनी निरोपाची वाट सांगितली, मी वेळेविषयी लिहितो.

मेंदूच्या प्रत्येक भागातील चेतापेशींची उत्तेजनक्षमता लहरीसारखी वरखाली होत असते. लहर अनुकूल टप्प्यावर असताना निरोप आला तर त्याची दखल घेतली जाते, प्रतिकूल टप्प्यावर आला तर तो विरून जातो. उघडझाप करणाऱ्या दोन खिडक्या समोरासमोर आहेत असे समजा. एकीतून फेकलेला चेंडू दुसरीत जायचा असेल तर दोन्ही एकाच वेळी उघड्या हव्यात. पास्काल फ्रीस यांनी २००५ मध्ये मांडलेल्या विचाराचा गाभा असा, की दोन प्रदेशांच्या लहरी परस्परांशी जुळतात तेव्हा त्यांच्यातला संवाद प्रभावी होतो.

डोळ्याची उडी इथे उपयोगी पडते. नजर नव्या जागी थांबताच काही भागांतील लहरी जणू घड्याळ शून्यावर आणल्याप्रमाणे पुन्हा एका ठरावीक टप्प्यापासून सुरू होतात. नवे चित्र येण्याचा क्षण मेंदूला अचानक कळत नाही, कारण तो क्षण त्यानेच ठरवलेला असतो. त्यामुळे खिडक्या वेळेवर उघडून ठेवता येतात. स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पसमध्येही हे आढळते. जुट्रास, फ्रीस आणि बफेलो यांनी २०१३ मध्ये मोकळेपणाने चित्रे पाहणाऱ्या माकडांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. नजरेच्या उड्यांनंतर थीटा पट्ट्यातील, म्हणजे संथ, लहरी जितक्या सातत्याने जुळून सुरू झाल्या, तितके ते चित्र नंतर चांगले ओळखले गेले.

तिरकस

लहरी, खिडक्यांची उपमा आवडली. तरी दोन शंका आहेत. नजर नव्या जागी गेली की दृष्टिपटलावर नवे चित्र येतेच. मग लहरी जुळल्या त्या उडीमुळे, की नव्या चित्रामुळे? दुसरी शंका अशी, की डोळ्याचे स्नायू मेंदूच्या अगदी शेजारी आहेत. तुमचे यंत्र मेंदू मोजते आहे की स्नायू, हे कशावरून?

लहरी

दोन्ही शंका रास्त आहेत. दुसरीने तर आमच्या क्षेत्राला एकदा चांगलेच तोंडघशी पाडले आहे, म्हणून आधी तिच्याविषयी लिहितो.

काहीही दाखवल्यानंतर साधारण २०० ते ३०० मिलिसेकंदांनी ईईजीमध्ये गॅमा पट्ट्यातील, म्हणजे जलद लहरींचा, एक उंचवटा दिसत असे. वस्तू ओळखताना मेंदूचे भाग एकत्र येतात त्याची ही खूण, असे अनेक वर्षे समजले गेले. २००८ मध्ये शलोमित युवल-ग्रीनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोळ्यांची बारीक हालचालही सोबत मोजली. तेव्हा दिसले, की टक लावून पाहतानाही डोळा एका अंशाहून लहान अशा सूक्ष्म उड्या मारत असतो, त्या नेमक्या त्याच वेळी दाटतात, आणि प्रत्येक उडीच्या आरंभी डोळ्याच्या स्नायूंतून निघणारा विद्युत झटका तो उंचवटा तयार करतो. ज्याला आम्ही विचार म्हणत होतो, तो बऱ्याच अंशी डोळ्याचा स्नायू होता.

मी स्वतः त्या काळात शिकत होतो. माझ्या नोंदींमध्येही एक सुरेख उंचवटा होता. तो मी मोठ्या कौतुकाने छापून टेबलासमोर लावला होता. कपाळावरच्या दोन अग्रांच्या नोंदी शेजारी ठेवून पाहिल्यावर तो कागद मी मुकाट्याने काढून ठेवला. आता डोळ्यांचा मागोवा घेणारे यंत्र सोबत नसेल तर मी असल्या निष्कर्षाला हातही लावत नाही.

पहिल्या शंकेचे उत्तर कवटीच्या आत ठेवलेल्या अग्रांकडून मिळते, कारण तिथे स्नायूंचा गोंगाट फारच कमी पोचतो. राजकाई आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये माकडांच्या प्राथमिक दृष्टिकेंद्रातून, डोळ्यांपुढे कोणतेही दृश्य उद्दीपन नसताना, नोंदी घेतल्या. तरीही नजर स्थिरावताच तिथल्या लहरींचे टप्पे विस्कळीत अवस्थेतून सुसंगत अवस्थेत आले आणि त्या अनुकूल टप्प्यावर आलेल्या दृश्याला प्रतिसादही वाढला. चित्र नसताना हे होते, म्हणजे कारण चित्राबाहेरचे आहे. चित्राचा वाटा शून्य आहे असे मात्र मी म्हणणार नाही. रोजच्या पाहण्यात दोन्ही परिणाम एकमेकांत मिसळलेले असतात आणि त्यांना वेगळे काढणे हे आमचे रोजचे दुखणे आहे.

वाचनवेडी

धागा फारच वाचनीय झाला आहे. वाचनखूण साठवली आहे. वाचनाचा विषय निघालाच आहे तर सांगते, की ओळीवरून नजर सरळ सरकत नाही, ती उड्या मारत जाते, हे एमिल जाव्हाल या फ्रेंच नेत्रतज्ज्ञांच्या प्रयोगशाळेत १८७९च्या सुमारास लक्षात आले. माझे काम मुद्रितशोधनाचे आहे. अर्थाच्या नादात वाचले की चूक दिसत नाही, हे आमच्या धंद्यातले जुने दुःख आहे. परिचित शब्दांवर नजर थांबतच नाही, ती त्यांना ओलांडून पुढे जाते आणि मधली जागा मन भरून काढते. म्हणून मी ओळीखाली कोरी पट्टी धरते आणि पेन्सिलीचे टोक एकेका अक्षरावर टेकवत जाते. नजरेला जागोजागी थांबवले की चूक सापडते, पण पान संपल्यावर काय वाचले ते विचारले तर सांगता येत नाही! लहरी यांचे म्हणणे वाचून वाटले, की मी उड्यांचा नैसर्गिक ताल मोडते, त्याची ही किंमत असावी का?

लहरी

वाचनवेडीताई, आपले निरीक्षण मोलाचे आहे, पण इथे मी सावध राहीन. अक्षर तपासण्याकडे लक्ष वळवले की अर्थासाठी कमी उरते, हे साधे कारण पुरेसे आहे. लहरींना इतक्या दूर ओढू नये. नजर बांधून ठेवल्याने स्मृतीवर परिणाम होतो, हे मात्र चेहऱ्यांबाबत दिसले आहे. हेंडरसन, विल्यम्स आणि फॉक यांनी २००५ मध्ये चेहरे मोकळ्या नजरेने आणि नजर एका जागी रोखून, अशा दोन प्रकारे पाहायला लावले. नजर रोखून पाहिलेले चेहरे नंतर ओळखणे जास्त कठीण गेले. तरीही यातून 'उडीमुळे दोन भाग जोडले गेले' असे थेट सिद्ध होत नाही, कारण नजर रोखल्यावर मुळात माहितीच कमी मिळते.

कर्णोपकर्णी

थोडे अवांतर वाटेल, पण नाही. डोळा हलला की कानाचा पडदाही हलतो! जेनिफर ग्रो यांच्या प्रयोगशाळेने २०१८ मध्ये लोकांच्या कानात बारीक मायक्रोफोन ठेवून हे दाखवले. पूर्ण शांततेत, बाहेर कोणताही आवाज नसताना, डोळ्याच्या उडीबरोबर दोन्ही पडदे कंप पावतात. कंपनाची सुरुवात डोळा हलण्याच्या किंचित आधी होते आणि नजर डावीकडे गेली की उजवीकडे, यानुसार त्याची दिशा बदलते. म्हणजे अपूर्णांक सांगतात ती आज्ञेची प्रत केवळ दृष्टीच्या खात्यात जात नाही, तिची नक्कल श्रवणखात्यालाही मिळते. दिसलेली आणि ऐकू आलेली जागा जुळवायला तिचा उपयोग होत असावा, असा त्यांचा तर्क आहे.

भिंगरी

लहानपणी "डोळे वटारले की कान टवकारतात" असे मी ऐकले होते. ते इतके शब्दशः घ्यायचे असेल असे वाटले नव्हते.

जुनाजाणता

एवढा काथ्याकूट चालला आहे, पण नजर वर उजवीकडे गेली की माणूस खोटे बोलतो आणि वर डावीकडे गेली की खरे आठवतो, हे तर सर्वांनाच माहीत आहे. मी मुलाखती घेताना हाच निकष वापरतो. मेंदूच्या अर्ध्या भागांचा आणि नजरेचा संबंध याहून वेगळा काय असणार?

काजळ

जुनाजाणताकाका, आदर राखून लिहिते, हा निकष कृपया सोडून द्यावा. रिचर्ड वाइजमन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये तो तपासला. खरे आणि खोटे बोलणाऱ्यांच्या नजरेच्या दिशांमध्ये असा कोणताही फरक सापडला नाही, आणि हा निकष शिकवलेल्या लोकांना खोटेपणा ओळखण्यात काडीचाही लाभ झाला नाही. छताकडे पाहिले म्हणून आपण कुणाला नाकारले असेल, तर तो माणूस बहुधा फक्त आठवत होता. सांजवेळ यांचेच पाहा, त्याही छताकडे पाहतात.

तिरकस

सांजवेळ यांनी छताकडे पाहून हा धागा लिहिला असेल, तर पेनाची गोष्ट खोटी निघायची.

सांजवेळ

पेनाची गोष्ट खरी आहे, तिरकस, आणि मी ती पडद्याकडे पाहून लिहिली आहे. सर्वांचे मनापासून आभार. दुहेरीजींचा अनुभव तर मी घरात मोठ्याने वाचून दाखवला. पण मूळ प्रश्न अर्धाच सुटला. डोळे हलतात तेव्हा मेंदूच्या भागांमधली देवाणघेवाण बदलते, हे पटले. मग पेनामागे तीस सेकंद डोळे फिरवल्याने डावा-उजवा मेंदू जोडला जातो, हे म्हणणे तरी चूक कसे?

अपूर्णांक

आता शेवटच्या गाठीला हात घालतो.

पहिली गोष्ट म्हणजे, सरकणाऱ्या पेनामागे नजर संथपणे नेणे ही सॅकाड नव्हेच, ती पाठलागाची वेगळी हालचाल आहे. समोर काही हलत नसताना नजर तशी गुळगुळीत सरकवून पाहा. जमत नाही, छोट्या छोट्या उड्याच पडतात. तेव्हा वर उड्यांबद्दल जे लिहिले ते पेनाला जसेच्या तसे लावता येणार नाही.

दुसरी गोष्ट, डावा आणि उजवा अर्धगोल सुमारे २० कोटी तंतूंच्या जाड पट्ट्याने, कॉर्पस कॅलोझमने, कायमचे जोडलेले आहेत. शिवाय आडवी नजर फिरवायला दोन्ही डोळ्यांना एकत्र जुंपणारी जोडणी खाली मस्तिष्कस्तंभात आहे. 'डावीकडे पाहिले की उजवा मेंदू जागा होतो, उजवीकडे पाहिले की डावा, आणि आलटून पालटून पाहिले की दोघांची गाठ पडते' हे चित्र कागदावरच सुबक दिसते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मूर आणि आर्मस्ट्राँग यांनी २००३ मध्ये माकडाच्या नेत्रक्षेत्राला इतका क्षीण विद्युतप्रवाह दिला, की डोळा जराही हलला नाही. तरीही दृश्याच्या त्याच जागेसाठी काम करणाऱ्या, दृष्टिकेंद्रातील व्ही-४ भागाच्या पेशींचा प्रतिसाद वाढला. म्हणजे दुसऱ्या भागाचे कान टवकारायला बुबुळ फिरण्याची गरज नाही, तिकडे पाहण्याची तयारी पुरते. आणि हा परिणाम त्या त्या जागेपुरता, त्या त्या क्षणापुरता असतो. लहरींची जुळणीही थोड्या वेळात ओसरते आणि पुढची उडी नवा हिशेब मांडते. दिवसाला पावणेदोन लाख वेळा आपोआप होणाऱ्या गोष्टीत साठ-सत्तर फेऱ्यांची भर घालून काय साधणार?

खिडकी

मला इथे थोडे वेगळे म्हणायचे आहे. एका अपघातानंतर मी डोळ्यांच्या हालचालींची मानसोपचार पद्धत घेतली आहे. फ्रान्सिन शापिरो यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस ती मांडली. समुपदेशक बोट डावी-उजवीकडे फिरवत आणि मी त्यामागे नजर नेत तो प्रसंग आठवत असे. काही सत्रांनी त्या आठवणीची धार बोथट झाली. हेडलाइटचा उजेड आठवतो, पण पोटात गोळा येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१३ मध्ये आघातोत्तर ताणासाठी या पद्धतीची शिफारस केली आहे. हे सगळे थोतांड म्हणावे का?

लहरी

मुळीच नाही, आणि आपल्याला बरे वाटले याचा आनंद आहे. पद्धत उपयोगी पडणे ही एक गोष्ट आणि ती का उपयोगी पडते याचे दिलेले स्पष्टीकरण ही दुसरी. गंटर आणि बॉडनर यांनी २००८ मध्ये पाहिले, की नजर आडवी नेण्याऐवजी उभी, वरखाली नेली तरी अप्रिय आठवणीचा ठसठशीतपणा तसाच कमी होतो. अर्धगोल जुळल्यामुळे फरक पडत असता, तर उभ्या हालचालीने तो पडायला नको होता. सध्या जास्त आधार आहे तो असा, की आठवण मनासमोर धरणे आणि डोळे हलवणे ही दोन कामे एकाच तोकड्या तात्पुरत्या स्मृतीवर पडतात, त्यामुळे आठवण फिकी होऊन परत साठवली जाते. आकडेमोड करायला लावली तरी असाच परिणाम दिसतो.

आणि वर्गातल्या दाव्याशी मिळताजुळता दावा, की तीस सेकंद आडवी नजर फिरवल्याने स्मरण सुधारते? तो मानणारे आणि न मानणारे संशोधक २०१५ मध्ये एकत्र आले. माट्झके आणि सहकाऱ्यांच्या या प्रयोगाचा आराखडा आधीच नोंदवून ठेवला होता. आडव्या हालचालीने आठवण सुधारल्याचे आढळले नाही.

खिडकी

धन्यवाद, लहरी. आता आठवले, की एका सत्रात समुपदेशकांचा हात अवघडला होता, म्हणून त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करत उलटे मोजायला लावले होते. त्या दिवशी मला वाटले होते, की सत्र वाया गेले.

दुहेरी

लहरी यांचे वाचून मी आत्ता पुन्हा डाव्या बाजूला पेन धरून पाहिले, उजवा डोळा झाकून. बोट पहिल्याच खेपेला टोकावर बसले.

सांजवेळ

काल वर्गाचे पुढचे सत्र होते. मी माइक बंद होण्याची तयारी ठेवून विचारले, की उभी नजर फिरवली तरी परिणाम तोच दिसतो, तर मग डाव्या-उजव्या मेंदूचे काय? शिक्षक थोडे थांबले. मी मुद्दाम पाहिले, त्यांची नजर छताकडे गेली. मग ते म्हणाले, "उभ्या हालचालीने वरचा मेंदू खालच्या मेंदूशी जोडला जातो. ते आपण पुढच्या स्तरात घेणार आहोत." त्या स्तराचे शुल्क वेगळे आहे. मी नाव नोंदवलेले नाही.

काजळ

छताकडे पाहिले म्हणजे ते खोटे बोलत होते असे नाही बरं, सांजवेळ. आठवत असतील.